धागा: थंडीत फिशटँकचा फिल्टर मंदावतोय. काय तपासावं, काय करू नये?

गोदाकाठ (नाशिक)
टाकी २४ × १२ × १५ इंच. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण ६० लिटर पाणी. मासे: ६ मॉली, ८ गप्पी, ४ कोरी, १ प्लेको. फिल्टर दोन आहेत, एअर पंपावर चालणारा दुहेरी स्पंज आणि १२ वॅटचा आत बसणारा मोटर फिल्टर. हीटर नाही.

डिसेंबर लागल्यापासून पाणी पहाटे १७ अंश आणि दुपारी २१ अंश असतं. पाण्याला पांढुरकी झाक आली आहे. स्पंजमधून बुडबुडे कमी येतात. लाईट जाऊन परत आली की मोटर फिल्टर नुसता गुणगुणतो, पाणी फेकत नाही. टेस्ट किटवर अमोनिया ०.५, नायट्राइट ०.५, पीएच ७.८.

दुकानात दोन सल्ले मिळाले. एक, फिल्टर काढून नळाखाली स्वच्छ धुवा. दुसरा, रात्री एअर पंप बंद ठेवा, कारण बुडबुड्यांनी पाणी गार होतं. यातलं काही करण्याआधी इथल्या जाणकारांना विचारतोय.

---

शिंपला
दोन्ही करू नका. विशेषतः पहिलं.

तुमच्या फिल्टरमध्ये दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी आलेत आणि ते वेगळे ठेवूनच सोडवायला हवेत. एक यंत्राचा: मोटर अडकते, हवा कमी येते. दुसरा स्पंजमधल्या जिवाणूंचा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू २५ ते ३० अंशांत सर्वांत जोमाने काम करतात. १८ अंशांच्या आसपास त्यांचा वेग ढोबळ मानाने निम्म्यावर येतो, ८ ते १० अंशांत पाव भागावर, आणि ४ अंशांच्या जवळ काम जवळपास थांबतं. ते मरत नाहीत, मंदावतात. म्हणजे तुमच्याकडे आत्ता अर्धा फिल्टर आहे. तो नळाखाली धुतलात तर उरलेला अर्धाही जाईल. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे आणि डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं पाणी १४ अंशांच्या आसपास असतं. दोन्ही गोष्टी एकदम त्या जिवाणूंवर पडतील.

मासेही थंडीत कमी खातात आणि कमी अमोनिया सोडतात, त्यामुळे खरं तर हिशोब जुळायला हवा. तो बिघडतो खाद्यामुळे. हात सवयीने तेवढंच टाकतो, मासे अर्धं सोडतात आणि उरलेलं खडीत कुजतं. पांढुरकी झाक बहुधा त्याचीच, कुजणाऱ्या अन्नावर वाढणारे हे वेगळे जिवाणू असतात. तेव्हा आजपासून खाद्य निम्मं करा, दिवसातून एकदाच द्या, तेही दुपारी १ ते ३ मध्ये, पाणी सर्वांत उबदार असताना. आठवड्यात एक दिवस उपास. दोन मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं जाळीने काढून टाका.

---

वर्तुळ (पुणे)
गुणगुणणाऱ्या मोटरचं लिहितो. थंडी हे कारण अर्धंच आहे.

या छोट्या मोटरमध्ये इम्पेलर म्हणजे एक चुंबक, त्यावर पाती, आणि मधून जाणारी सिरॅमिकची बारीक दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. चुंबक आणि त्याच्या खोबणीत मिलिमीटरभरही जागा नसते. त्यात शेवाळी चिकटा जमतो आणि आपल्याकडच्या जड पाण्यामुळे चुन्याचा थरही बसतो. मोटर चालू असेपर्यंत ती यातून फिरत राहते. लाईट गेली की चिकटा जागच्या जागी बसतो, गार पाण्यात रबरी बुशही कडक होतो आणि सुरुवातीचा जोर कमी पडतो. शिवाय २० अंशांचं पाणी १० अंशांवर गेलं की त्याचा दाटपणा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. चालू मोटरला ते जाणवत नाही, पण अडकलेल्या इम्पेलरला तेवढंही पुरेसं असतं.

प्लग काढा. मोटर बाहेर घेऊन पुढचं झाकण उघडा, चुंबक सरळ ओढून काढा. दांडी तिरकी ओढू नका, सिरॅमिक मोडतं आणि सुटी दांडी सहज मिळत नाही. खोबणी कान साफ करायच्या काडीने किंवा बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने पुसा. पांढरा थर असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन चुंबक आणि दांडी अर्धा तास बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. साबण अजिबात नको. चुंबकाला भेग किंवा फुगवटा दिसला तर इम्पेलर बदला, तो साफ करून चालणार नाही.

तेल, व्हॅसलीन काही लावू नका. पेट्रोलियम जेली रबर फुगवते. कॅनिस्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याला, लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात.

आणखी एक: गुणगुणणारी मोटर तशीच चालू ठेवू नका. इम्पेलर फिरत नसताना कॉइल तापते. लाईट आल्यावर पाणी पडतंय का हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा.

---

हवामहाल
रात्री एअर पंप बंद ठेवण्याचा सल्ला दर हिवाळ्यात फिरतो, म्हणून त्याचा हिशोबच मांडतो.

साधा एका नळीचा पंप मिनिटाला साधारण ३ लिटर हवा देतो, म्हणजे तासाला १८० लिटर. ती हवा १० अंशांची असली आणि पाण्यात २५ पर्यंत तापली, तरी त्यासाठी लागणारी उष्णता १ वॅटच्या आसपास. त्याच हवेबरोबर वाफ होऊन जाणारं पाणी धरलं तर आणखी २ वॅट. एकूण ३ वॅट. पृष्ठभाग ढवळल्याने थोडं वाढेल, पण ६० लिटरची उघड्या काचेची टाकी थंड खोलीत काचेतून आणि वरून याच्या कित्येक पट गमावत असते. म्हणजे पंप बंद करून ऊब वाचत नाही, आणि स्पंजमधलं पाणी मात्र रात्रभर थांबतं. आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि सकाळी पंप सुरू केला की कुजलेला मळ टाकीत येतो.

गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे खरं (३० अंशांवर लिटरला ७.६ मिलिग्रॅम, २० वर ९.१, १५ वर १०.१). पण तो स्पंजच्या आतपर्यंत जायला प्रवाह लागतो.

बुडबुडे कमी येण्याची कारणं या क्रमाने बघा. आधी पंपाच्या बुडाशी फेल्टची चकती असते ती, धुळीने भरली असेल तर झटकून किंवा धुवून वाळवून लावा. मग नळी: प्लास्टिकची नळी थंडीत कडक होते, जोडावर सैल पडते आणि तिथून हवा गळते. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून नवं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ झालं की घट्ट बसवा. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: फुंकून बघा, एका बाजूने सहज जायला हवं आणि उलट्या बाजूने अजिबात नाही. सगळ्यात शेवटी पंपाचं रबरी पडदं. ते वर्षा-दोन वर्षांत ताठरतं आणि थंडीत तो ताठरपणा उघड होतो. बहुतेक कंपन्यांच्या पंपांची पडदी सुटी मिळतात, पूर्ण पंप टाकायची गरज नसते.

पंप खिडकीत किंवा बाल्कनीत ठेवला असेल तर आत आणा. आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह फसला तरी लाईट गेल्यावर पाणी उलटं पंपात येणार नाही.

---

गोदाकाठ
मनापासून आभार. इम्पेलर काढला, दांडीवर पांढरा थर होताच. आता हीटर घ्यायचा म्हणतोय. ५० वॅटचा पुरेल का? आणि अमोनिया आधी उतरवू की तापमान आधी वाढवू?

---

शिंपला
आधी अमोनिया. हा क्रम महत्त्वाचा आहे.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला किती भाग माशांना विषारी रूपात आहे हे पीएच आणि तापमानावर ठरतं. तुमच्या ७.८ पीएचला १७ अंशांवर सुमारे २ टक्के, २५ अंशांवर साडेतीन टक्के. म्हणजे पाणी तसंच ठेवून नुसतं गरम केलंत तर तोच ०.५ जवळपास पावणेदोन पट घातक होईल. शिवाय पाणी तापताच मासे जोरात खायला लागतात आणि जिवाणू मात्र त्या मानाने वाढायला आठवडा-दोन आठवडे घेतात. संक्रांतीनंतर दुपारचं ऊन चढू लागलं की 'थंडी तर सरली, मग आता मासे का मरतायत' असे धागे येतात, ते याचमुळे.

एक दिवसाआड २० टक्के पाणी बदला, असं तीन वेळा. नायट्राइटसाठी ६० लिटरला ६ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढ्या कमी मिठाने कोरींना त्रास होत नाही. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्याच्या हिशोबानेच पुन्हा मीठ, म्हणजे १२ लिटरला १.२ ग्रॅम.

अमोनिया ०.२५ च्या खाली आला की मग हीटर, आणि दिवसाला २ अंशांपेक्षा जास्त चढवू नका. २४ ला थांबलात तरी मॉली-गप्पींना पुरे.

एक सूचना किटबद्दल. गार पाण्यात रंग सावकाश चढतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. परीक्षानळी दहा मिनिटं मुठीत धरून ऊब द्या, मग थेंब टाका, आणि पुस्तिकेतली वेळ पूर्ण होऊ द्या.

---

ओहम
५० वॅट पुरणार नाही. तुमच्या मापाच्या टाकीला तीन बाजूंना काहीच न लावता खोली १३ अंश आणि पाणी २५ ठेवायचं असेल तर ढोबळ हिशोबाने सतत ६० वॅट लागतात. १०० वॅट घ्या. त्याहून बरं म्हणजे ५०-५० चे दोन. एकाचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटला तरी ५० वॅट तुमचे मासे शिजवणार नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा तग धरेल.

६० लिटर पाणी १ अंशाने तापवायला ७० वॅट-तास लागतात. म्हणजे १०० वॅटचा हीटर, काहीच ऊब वाया गेली नाही तरी, तासाला दीड अंशापेक्षा कमी चढवेल. 'हीटर लावून तासभर झाला, काही फरक नाही' म्हणून काढून दुकानात परत नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हीटर कुठे लावता हे वॅटइतकंच महत्त्वाचं. मोटर फिल्टरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या धारेत, तळापासून दोन-तीन इंचांवर, आडवा. थर्मामीटर टाकीच्या उलट टोकाला. दोन टोकांत १ अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर प्रवाह कमी आहे, म्हणजे फिल्टर भरलाय. थंडीत फिल्टर तपासायची ही सर्वांत सोपी खूण.

थर्मोकोलची १५ ते २० मिलिमीटर जाडीची शीट मागे, दोन्ही बाजूंना आणि टाकीखाली. मोटर आणि एअर पंप मात्र झाकू नका. कॅनिस्टर थेट फरशीवर असेल तर त्याच्या बुडाखाली एक तुकडा, पण डोकं मोकळं, मोटरची उष्णता तिथूनच बाहेर जाते.

सुरक्षेचं आवर्जून: अर्थिंग असलेलाच सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), वायरला सॉकेटच्या खाली वळसा म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी काढण्याआधी १५ मिनिटं हीटर बंद. तापलेली काच उघडी पडून वर गार पाणी आलं की तडकते.

---

संत्रानगरी
नागपूरकडून भर. इकडे टॉप फिल्टर (टाकीवर ठेवायचं खोकं) आणि हँग-ऑन (टाकीच्या काठाला लटकवायचा फिल्टर) जास्त चालतात, आणि विदर्भाची कोरडी थंडी त्यांना वेगळ्या पद्धतीने छळते. पाणी वरून पसरत पडतं, वाफ होते. अर्धा लिटर पाणी दिवसभरात उडालं तर ते जवळपास ३४० वॅट-तास ऊब घेऊन जातं, म्हणजे दिवसरात्र १४ वॅट. तुमच्या हीटरचा सातवा भाग तिकडेच.

पातळी उतरली की हँग-ऑनचं पाणी आणखी उंचावरून पडतं, आणखी गार होतं, आणि शेवटी शोषणारी नळी उघडी पडून मोटर कोरडी फिरते. पातळी धारेपासून बोटभर खाली एवढीच राहू द्या. वर ४ मिलिमीटरची काच किंवा पॉलीकार्बोनेट शीट, फिल्टरपुरती खाच पाडून. टॉप फिल्टरच्या खोक्यालाही झाकण हवं.

उडालेल्या पाण्याची भर आरओ किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने घाला. बोअरचं जड पाणी रोज घालत राहिलात तर क्षार वाढत जातात आणि तोच चुना इम्पेलरवर बसतो.

---

मोजमाप
पाणी बदलताना तापमानाचा हिशोब तोंडी करता येतो. २५ अंशांच्या टाकीत २० टक्के १४ अंशांचं पाणी घातलं तर टाकी २२.८ वर येते. ५० टक्के घातलं तर १९.५. पहिलं चालून जातं, दुसऱ्याने मासे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आमंत्रण देतात.

१० लिटर १४ अंशांच्या पाण्यात दीड लिटर उकळतं पाणी मिसळलं की साधारण २५ होतं. पाणी स्टीलच्या पातेल्यात तापवा. झिंगे पाळत असाल तर गीझरचं नको, त्यात तांब्याचा अंश येऊ शकतो.

क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानात 'अँटिक्लोर' म्हणतात. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम खडे विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटरच्या बादलीला ५ मिली. साधारण १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) क्लोरीनला हे पुरून उरतं. 'एक रात्र ठेवलं की क्लोरीन उडतं' हे मे महिन्यात ठीक, थंडीत ते सावकाश उडतं.

बोअर असेल तर हिवाळ्यात ते थेट येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा उबदार असतं. पण त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून एअरस्टोन लावून तासभर बुडबुडे सोडा, मग वापरा.

---

मेपल (टोरांटो)
परदेशात राहणाऱ्या मंडळींसाठी. घर इथे २० अंशांवर असतं, त्यामुळे टाकी फारशी गारठत नाही, पण जानेवारीत नळाचं पाणी ४-५ अंश येतं. शिवाय टोरांटोच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, जे ठेवून उडत नाही. थायोसल्फेट त्यातलं क्लोरीन तोडतं आणि अमोनिया मोकळा सोडतं. उन्हाळ्यात फिल्टर तो गिळतो. गार पाण्याने फिल्टर मंदावला असेल तर तोच अमोनिया किटवर दिसतो आणि माणूस कारण टाकीत शोधत बसतो. इथे अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर वापरा.

---

नीलिमा_जल
गोदाकाठ, एक धोका अजून कुणी सांगितला नाही. थंडीत पांढरे ठिपके आले की पहिला हात मिथिलीन ब्ल्यूकडे जातो. ते मुख्य टाकीत टाकू नका, नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ते मारतं आणि सिलिकॉनचा जोड निळा होतो तो निळाच राहतो. आजारी मासा १०-१५ लिटरच्या वेगळ्या भांड्यात घ्या, तिथे औषध. मुख्य टाकीत तापमान हळूहळू २८ पर्यंत नेऊन आठ-दहा दिवस टिकवा, ठिपक्यांचं चक्र लवकर पूर्ण होतं आणि फिल्टरलाही तेच तापमान मानवतं. त्या काळात एअर पंप पूर्ण जोरात.

अँटिबायोटिकलाही हाच नियम.

---

गोदाकाठ
आजचे आकडे: पाणी २३.५, अमोनिया ०.२५ च्या खाली, नायट्राइट शून्याजवळ. पाणी निवळलंय. स्पंज अजून पिळलेला नाही. आता पिळू का? आणि इकडे रात्री ४-४ तास लाईट जाते, तेव्हा काय?

---

वर्तुळ (पुणे)
पिळा, पण एकच. टाकीतलंच ३ लिटर पाणी बादलीत काढा आणि ते गार होण्याआधी त्यात एक स्पंज दोन-तीनदा दाबा. स्पंज पिवळसर-तपकिरीच राहायला हवा. बुडबुडे मोकळे आले की थांबा. दुसरा स्पंज दोन आठवड्यांनी. मोटर फिल्टरमधला पांढरा कापूस मात्र खुशाल बदला, तो फक्त गाळ धरतो. सिरॅमिक रिंगा असतील तर थंडी सरेपर्यंत हातच लावू नका.

---

ओहम
लाईटचं. हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी खाऊन टाकेल. फिल्टर आणि एअर पंप मिळून १५-१६ वॅट, ते खुशाल टाका. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर या मोटरी जास्त गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेली की आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरचा एअर पंप मिळतो, तो स्पंजच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून जोडा.

हीटर बंद असताना तुमची टाकी उघड्या काचेने ४ तासांत साधारण ३ अंश उतरेल. थर्मोकोल आणि वरचं झाकण असेल तर बरंच कमी. वरून जुनी चादर टाकलीत तरी चालेल, फक्त पंपाच्या हवेचा मार्ग मोकळा ठेवा.

ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनी एवढं करावं: तो ४ तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर तसाच सुरू करू नका. आतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. उघडून ते पाणी ओतून द्या, मीडिया (आतले स्पंज, रिंगा) टाकीतल्या पाण्याने हलकेच विसळा, पुन्हा भरा आणि मग चालू करा. वास कुजक्या अंड्यासारखा आला तर दोन दिवस खाद्य पूर्ण बंद आणि रोज अमोनिया तपासा.

---

शिंपला
गोदाकाठ, खाद्य अजून आठवडाभर निम्मंच ठेवा. नायट्राइट सलग तीन वेळा शून्य आलं की मग दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवत पूर्ववत करा. प्लेकोच्या काकडीचा तुकडा मात्र सकाळी न चुकता बाहेर काढा, रात्रभर राहिलेला तो एक तुकडा सगळ्या फ्लेक्सपेक्षा जास्त पाणी खराब करतो.